तीन अक्षरांमागची दफ्तरे

दिवाळीच्या मागेपुढे, जेव्हा कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडलेली असते आणि दुसरी अजून शेतात फुटत असते, तेव्हा लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या बोलण्यात तीन इंग्रजी अक्षरे वारंवार ऐकू येतात : सीसीआय. ‘सीसीआय कधी सुरू होते’, ‘सीसीआयचा काटा औंदा कोणत्या जिनिंगवर’, ‘सीसीआयने माल परत लावला का’, हे प्रश्न बाजार समितीच्या आवारात, चहाच्या टपरीवर आणि एस. टी.च्या थांब्यावर विचारले जातात; आणि विचारणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास त्या अक्षरांचा विस्तार ठाऊक असण्याची गरज भासत नाही, कारण वऱ्हाडात त्यांचा अर्थ एकच आहे : हमीभावाने कापूस घेणारे सरकार. परंतु हीच अक्षरे दिल्लीच्या अर्थविषयक वार्तेत आली म्हणजे ती व्यापारातील मक्तेदारीचा निवाडा करणाऱ्या आयोगाची असतात. मुंबईच्या शेअर बाजारातील जुन्या पिढीस ती भांडवल उभारणीस परवानगी देणाऱ्या एका अधिकाऱ्याची आठवण करून देतात. आदिलाबादेत ती बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याची आहेत, आणि चर्चगेटच्या परिसरात क्रिकेटच्या एका क्लबाची.

संक्षेप ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. पेशवाईतील मोडी दफ्तरांत मौजे, परगणे, कसबे असले शब्द एकेका अक्षरापुढे दोन उभ्या रेघा ओढून उरकले जात, आणि मुसलमानी महिन्याच्या तारखेपूर्वी नुसता ‘छ’ लिहून कारकून पुढे जाई. पण त्या संक्षेपाचा लिहिणारा आणि वाचणारा हे दोघेही एकाच दफ्तरी परंपरेत वाढलेले असत, आणि ज्या रयतेच्या जमिनीविषयी तो कागद असे तिच्यापुढे तो मोठ्याने वाचून दाखविताना पूर्ण शब्द उच्चारला जाई. आजचा संक्षेप थेट रयतेच्या हाती पडतो. तोही परक्या भाषेतील आद्याक्षरांचा, आणि ज्याचा विस्तार सांगण्याचे बंधन कोणावरही नाही असा. वर्तमानपत्रात ‘सीसीआयची चौकशी’ एवढेच शीर्षक छापले, तर सीसीआय चौकशी करीत आहे की सीसीआयचीच चौकशी होत आहे, हे मराठीच्या षष्ठी विभक्तीवरून ठरत नाही; आणि कोणती सीसीआय, हे तर मुळीच ठरत नाही. ज्याच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न त्या बातमीत असतो, त्याने बातमीचा कर्ता कोण आणि कर्म कोण हे अंदाजाने ओळखावे, ही स्थिती मला योग्य वाटत नाही.

जगाच्या नकाशावर लोणारचे नाव आहे ते अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या खाऱ्या सरोवरामुळे, ज्याला २०२० साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. परंतु सरोवराच्या काठाबाहेर पाऊल टाकले की त्याच बेसाल्टाच्या विघटनातून झालेली काळी जमीन लागते, आणि या तालुक्याचे पोट त्या जमिनीवर आहे. अलीकडे सोयाबीनने बुलढाणा जिल्ह्यात कापसाची बरीच जागा घेतली असली, तरी वऱ्हाडच्या अर्थकारणाचा इतिहास हा कापसाचाच इतिहास आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, आणि या दोन घटनांच्या संयोगाने खामगावची पेठ इतकी वाढली, की १८७० साली जलंबपासून तेथवर रेल्वेचा फाटा नेण्यात आला. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ साली हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या हुकमाने नियमांखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला; आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा वंशवृक्ष तेथपर्यंत जातो. सांगायचे ते हे, की कापसाच्या बाजारात सरकारचा हात ही वऱ्हाडी शेतकऱ्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ परिचित असलेली गोष्ट आहे. तो हात कोणत्या खात्याचा, एवढेच काळानुसार बदलत गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात या बदलाचा सर्वांत मोठा टप्पा म्हणजे महाराष्ट्राची एकाधिकार कापूस खरेदी योजना. १९७१ च्या कायद्याने तिचा पाया घातला गेला आणि १९७२–७३ च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस प्रथम पणन महासंघामार्फत, आणि पुढे त्यासाठीच स्थापन झालेल्या कापूस उत्पादक पणन महासंघामार्फत, सरकारनेच घ्यावयाचा असे ठरले. खासगी व्यापाऱ्यास विकणे नाही, राज्याच्या हद्दीबाहेर नेणे नाही, अशी ही व्यवस्था होती. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्यास सोडवावे, ही त्यामागची भावना प्रामाणिक होती. परंतु शेजारच्या राज्यात भाव चढा असताना आपल्याच शिवारातला कापूस सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरावा, या ‘झोनबंदी’वर शरद जोशी आणि त्यांची शेतकरी संघटना यांनी जो प्रहार केला, तो माझ्या मते न्याय्य होता. या सबंध काळात विदर्भातील शेतकरी त्या महासंघास उद्देशून ‘फेडरेशनला कापूस घातला’ असे म्हणे. ‘सीसीआय’ हा शब्द त्याच्या ओठांवर रुळला तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही मक्तेदारी संपुष्टात आल्यानंतर.

ही सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ. ३१ जुलै १९७० रोजी कंपनी कायद्याखाली त्याची स्थापना झाली. परदेशी कापसाची आयात एकाच सरकारी मार्गाने व्हावी, हे त्याचे आरंभीचे मुख्य काम होते. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर, बाजारभाव आधारभूत किमतीच्या, म्हणजे हमीभावाच्या, खाली गेला असता शेतकऱ्याचा कापूस त्या किमतीस घेण्याचे कर्तव्य त्याच्याकडे आले. त्याचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूर येथे ‘कपास भवन’ नावाच्या इमारतीत आहे, आणि ते केंद्राच्या कृषी मंत्रालयाच्या नव्हे तर वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. ही शेवटची गोष्ट वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी; कारण ज्या मंत्रालयास शेतकऱ्याकडून कापूस विकत घ्यावयाचा असतो, त्याच मंत्रालयाला गिरण्यांना परवडेल असा कापूस पुरविण्याचीही चिंता वाहावी लागते, आणि या दोन चिंता दरवेळी एका दिशेने जातात असे नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे, हमीभाव हे महामंडळ ठरवीतच नाही. १९६५ साली कृषी मूल्य आयोग म्हणून सुरू झालेला आणि आज कृषी खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जाणारा आयोग त्याची शिफारस करतो, केंद्रीय मंत्रिमंडळ तो जाहीर करते, आणि महामंडळ केवळ त्या हुकमाची तामिली करते. परदेशी कापसावर आयातशुल्क असावे की नसावे हेही महामंडळाच्या हाती नाही : २०२१ च्या अर्थसंकल्पापासून असलेले सुमारे अकरा टक्क्यांचे शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून त्या वर्षाच्या अखेरपर्यंत उठविण्यात आले, तो निर्णय अर्थ मंत्रालयाचा होता. भाव पडला म्हणून जिनिंगच्या फाटकावर जो संताप ‘सीसीआय’च्या नावाने व्यक्त होतो, त्यातील मोठा वाटा वस्तुतः दिल्लीतील या दुसऱ्या दफ्तरांच्या पदरी पडावयास हवा. तीन अक्षरांच्या आड तो वाटा लपून राहतो, आणि त्या दफ्तरांना त्याची झळ पोहोचत नाही.

महामंडळाची स्वतःची जबाबदारी मात्र लहान नाही, आणि ती कोठे सुरू होते हेही पाहिले पाहिजे. २०२५–२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये ठरला. हा भाव मिळतो तो कापसात आठ टक्के ओलावा असेल तर. त्यावर प्रत्येक टक्क्यास एक टक्का भाव कापला जातो, आणि बारा टक्क्यांच्या वर ओलावा असलेला माल घेतलाच जात नाही. म्हणजे दहा टक्के ओलाव्याच्या लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागे ८,११० नव्हे तर ७,९४७ रुपये ८० पैसे मिळतील, आणि बारा टक्क्यांस ७,७८५ रुपये ६० पैसे. परतीचा पाऊस लांबलेल्या वर्षी, वेचलेला कापूस वाळविण्यास पुरेसे अंगण नसलेल्या लहान शेतकऱ्याचा माल पहिल्या फेरीत या मर्यादेत क्वचितच बसतो. त्याची गाडी परत लागते, आणि परतीच्या वाटेवर खासगी व्यापारी उभा असतो. त्यातच त्या हंगामात ‘कपास किसान’ नावाच्या मोबाईल अ‍ॅपवर आधी नोंदणी करण्याचा नियम आला. सातबारा, पेऱ्याची नोंद, आधार आणि बँकेचे खाते एकमेकांशी जुळले तरच काट्यावर गाडी घेता येते.

या व्यवहारात आणखी एक संक्षेप ठाण मांडून बसला आहे, तो म्हणजे ‘एफएक्यू’. शहरातील सुशिक्षित तरुणास विचारले तर तो सांगेल, की ही नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी. कापसाच्या, तुरीच्या किंवा सोयाबीनच्या खरेदी केंद्रावर त्याचा अर्थ ‘फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी’, म्हणजे सर्वसाधारण रास्त प्रत, असा आहे. ‘माल एफएक्यूमध्ये बसत नाही’ असे ग्रेडरने सांगितले म्हणजे शेतकऱ्याच्या ध्यानी येते ते इतकेच, की आपला माल नाकारला गेला. ओलावा जास्त होता, कवडीचे, म्हणजे किडक्या-डागाळलेल्या कापसाचे, प्रमाण अधिक होते, की धागा आखूड भरला, हे त्यास कळत नाही. कारण कळले तर तो ढीग चार दिवस उन्हात घालून पुन्हा येऊ शकतो. न कळल्यास तो खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या खासगी व्यापाऱ्याच्या, दारी जातो. येथे संक्षेपाचा विस्तार कळणे वा न कळणे यांतील अंतर क्विंटलमागे शेकडो रुपयांत मोजता येते.

आता दुसरी सीसीआय. हिचे पूर्ण नाव भारतीय स्पर्धा आयोग. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने स्थापन झालेला जुना आयोग उदारीकरणानंतर अपुरा वाटू लागला, म्हणून २००२ साली स्पर्धा कायदा झाला आणि १४ ऑक्टोबर २००३ रोजी नव्या आयोगाची स्थापना झाली. परंतु न्यायालयीन वाद आणि कायद्यातील दुरुस्ती यांमुळे त्याचे खरे कामकाज २० मे २००९ पासून सुरू झाले. महामंडळ बाजारात उतरून माल घेते, आयोग बाजारात कधीच उतरत नाही. व्यापाऱ्यांनी आपसांत संगनमत करून भाव ठरविले काय, एखाद्या कंपनीने आपल्या प्रबळ स्थितीचा दुरुपयोग केला काय, दोन मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाने स्पर्धा मारली जाईल काय, एवढ्याच प्रश्नांचा तो निवाडा करतो आणि दंड ठोठावतो. पहिली सीसीआय खरेदीदार आहे, दुसरी न्यायासनावर बसलेली आहे. दोघींच्या स्वभावात इतका भेद असताना त्यांनी एकच नाव धारण करावे, हा केवळ इंग्रजी आद्याक्षरांचा योगायोग. पण कापसाच्या शेतकऱ्याच्या बाबतीत हा योगायोग फार दूर जातो.

लोणार तालुक्याची हद्द जालना जिल्ह्यास भिडते. त्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे आपण ‘महिको’ या संक्षेपाने ओळखतो ती संस्था, स्थापन केली. १९९८ साली तिने अमेरिकेच्या मॉन्सँटो कंपनीशी निम्म्या भागीदारीत महिको मॉन्सँटो बायोटेक ही कंपनी उभारली; मार्च २००२ मध्ये बोंडअळीस प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसास देशात परवानगी मिळाली, आणि थोड्याच वर्षांत वऱ्हाडातील जवळजवळ सारे कापूस क्षेत्र या वाणांखाली आले. पाकिटाची किंमत तेव्हा सोळाशे रुपयांच्या वर होती, आणि तीत मोठा भाग होता तो जनुकाच्या वापराबद्दल बियाणे कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या शुल्काचा. २००६ साली आंध्र प्रदेश सरकारने याविरुद्ध जुन्या मक्तेदारी आयोगापुढे दाद मागितली, आयोगाने शुल्क कमी करण्याचा अंतरिम हुकूम दिला, आणि आंध्रात पाकीट साडेसातशे रुपयांवर आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने बियाण्यांच्या किमतीवर नियंत्रणाचा आदेश काढला, आणि त्यानुसार पुढील वर्षी पाकिटाची कमाल किंमत आठशे रुपये व त्यातील जनुकशुल्क ४९ रुपये ठरले.

याच सुमारास, फेब्रुवारी २०१६ मध्ये, नव्या स्पर्धा आयोगाने महिको मॉन्सँटोच्या परवाना करारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्या हंगामात एक सीसीआय शेतकऱ्याच्या कापसाचा भाव सांभाळण्यासाठी काटे लावून बसली होती, त्याच हंगामात दुसरी सीसीआय त्याच कापसाच्या बियाण्याचा भाव अवाजवी होता काय याचा शोध घेऊ पाहत होती. पेरणीच्या टोकास एक आणि विक्रीच्या टोकास दुसरी. ती चौकशी पुढे न्यायालयीन कज्ज्यात सापडली, आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, पेटंटच्या परवान्यांविषयीचे वाद पेटंट कायद्याच्या कक्षेत येतात, स्पर्धा आयोगाच्या नव्हे, असा निर्णय देऊन आयोगाची कार्यवाही रद्द केली. त्या निर्णयाच्या कायदेशीर युक्तिवादात मी शिरत नाही. परंतु वऱ्हाडच्या प्रत्येक कापूस उत्पादकाशी संबंध असलेला हा वाद दिल्लीत सात वर्षे चालला, आणि ‘सीसीआय’ म्हणताच जे कान टवकारतात त्या कानांपर्यंत तो जवळजवळ पोहोचलाच नाही, याचे मला वाईट वाटते. ते कान दुसऱ्याच सीसीआयची वार्ता ऐकत होते.

उरलेल्या अर्थांस फार जागा देण्याचे कारण नाही. तथापि आदिलाबादचा उल्लेख टाळता येत नाही. जी पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरातून निघून मेहकरावरून जाते, तीच पुढे यवतमाळ आणि तेलंगणातील आदिलाबाद यांची सीमा होते. त्या जिल्ह्यात मराठी बोलणारी वस्ती मोठी आहे, कापसाचा पेराही मोठा आहे, आणि कापूस महामंडळाची खरेदीही मोठी होते. पण आदिलाबाद गावात ‘सीसीआय’ म्हटले की आठवतो तो १९६५ साली स्थापन झालेल्या सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीचा कारखाना, जो बंद पडून पाव शतकाहून अधिक काळ लोटला आणि जो पुन्हा सुरू व्हावा ही मागणी तेथील राजकारणात अद्याप जिवंत आहे. याच सिमेंटच्या धंद्यात संगनमत केल्याबद्दल २०१२ साली स्पर्धा आयोगाने अकरा कंपन्यांना मिळून सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड केला होता; आदिलाबादच्या वाचकाने ‘सीसीआयने सिमेंट कंपन्यांना दंड केला’ एवढेच वाक्य वाचले असेल, तर त्याचा किती घोटाळा झाला असेल याची कल्पनाच केलेली बरी.

भांडवल उभारणीचा नियंत्रक हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, संरक्षण नियमांखाली जन्मास आला. १९४७ च्या कायद्याने त्यास कायमचे स्थान मिळाले, आणि १९९२ साली तो कायदा रद्द होऊन भांडवल बाजाराचे नियमन भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाकडे, म्हणजे सेबीकडे, येईपर्यंत कोणत्या कंपनीने किती भाग, कोणत्या किमतीस विकावेत हे हा एक अधिकारी ठरवी. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ चा; ब्रेबर्न स्टेडियम त्याचेच. दोन्ही आपापल्या जागी महत्त्वाचे, पण लोणारच्या शेतकऱ्याचा त्यांच्याशी व्यवहार नाही.

त्याचा व्यवहार आहे तो पहिल्या दोघींशी, आणि त्यांच्याकडे जाण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. काट्यावर वजनात फरक पडला, ओलावा चुकीचा मोजला गेला, रक्कम खात्यात जमा झाली नाही, तर दाद मागावयाची ती कापूस महामंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे आणि बाजार समितीकडे. एखाद्या बाजारात व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून बोली चढू दिली नाही, असा पुरावा असेल, तर ते प्रकरण स्पर्धा आयोगाचे. कोणीही नागरिक वा शेतकऱ्यांची संस्था त्या आयोगापुढे लेखी माहिती दाखल करू शकते. हमीभावच अपुरा आहे, हे गाऱ्हाणे या दोघींपैकी कोणापुढेही चालत नाही. ते कृषी खर्च व मूल्य आयोगापुढे आणि शेवटी लोकप्रतिनिधीपुढेच मांडावे लागते. चुकीच्या दफ्तरात दिलेला अर्ज कितीही सत्य असला तरी फेटाळला जातो, आणि अर्जदाराचा त्या व्यवस्थेवरील विश्वास तेवढा उणा होतो.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. मराठी वर्तमानपत्रांच्या संपादकांनी अशी अक्षरे प्रथम येतील तेथे संस्थेचे संपूर्ण मराठी नाव छापावे. एका ओळीचा कागद त्यात खर्च होईल. आणि लोणार, मेहकर, खामगाव येथील बाजार समित्यांनी येत्या हंगामापूर्वी ठराव करून कापूस महामंडळास लिहावे, की खरेदी केंद्राच्या फलकावर व प्रत्येक पावतीवर ‘भारतीय कापूस महामंडळ’ हे नाव मराठीत असावे, माल नाकारल्यास त्याचे कारण मराठीत लिहून द्यावे, आणि त्याखाली तक्रार ऐकणाऱ्या कार्यालयाचा पत्ता छापावा.